ताई, तुमचं!

४ फेब्रुवारी

ते शटल माझं नव्हतं. घरात कुणी ऐकून घेत नाहीये म्हणून इथे लिहून ठेवते — ते शटल माझं नव्हतं! सरळ धाकट्या जाऊबाईंच्या डोक्यावर येत होतं. रॅकेट नुसती वर धरली असती तरी आपणहून येऊन लागलं असतं. पण बाई हलल्या नाहीत. नेहमीसारख्या ओरडल्या, "ताई, तुमचं!" आणि ताई वेड्यासारखी मागे धावली. पाय जमिनीला चिकटून राहिला, बाकीचं अंग वळलं, आणि गुडघ्यात कट्‌ असा आवाज झाला. शटल आत पडलं. गुणही गेला.

घरी आल्यावर दोन पक्ष. जाऊ म्हणे बर्फ लावा, पाय उशीवर ठेवा, चोळू मुळीच नका. नवरा म्हणे गरम शेक आणि बाम. नवऱ्याने जन्मात खेळलेला एकमेव खेळ म्हणजे पत्ते, त्यामुळे तो अगदी ठाम होता. त्याने चांगलं खसखसून चोळलं. आता गुडघा कुठे संपतो आणि मांडी कुठे सुरू होते ते कळत नाही.

५ फेब्रुवारी

बर्फ लावला. सूज उतरतेय. जाऊबाईंचं खरं निघालं याचा त्रास गुडघ्यापेक्षा जास्त आहे.

७ फेब्रुवारी

हाडांचे डॉक्टर. मी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते. "डॉक्टर येतीलच, दोन मिनिटं" हे वाक्य मी इतक्यांच्या तोंडावर मारलंय, की आज ते माझ्या तोंडावर आलं तेव्हा नीट आतून कळलं, किती धडधडीत खोटं असतं ते.

शेजारी एक शिंपीकाका बसले होते. त्यांना टेनिस एल्बो! टेनिस पाहिलंय का, विचारलं. म्हणाले, "टीव्हीवर. आवाज बंद करून." पलीकडे टाचदुखीवाला. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकलं की ब्रह्मांड आठवतं म्हणे. नवीन वर्षाचा संकल्प म्हणून एकदम पळायला लागला होता, तेही जुन्या चपटलेल्या बुटांत. संकल्प गेला, टाच राहिली.

डॉक्टरांनी माझा पाय दुमडला, पिळला. "इथे दुखतं?" "आई गं!" "म्हणजे दुखतं." एवढं कळायला म्हणे दहा वर्षं शिकावं लागतं. गुडघा मध्येच अडकतो, सरळच होत नाही, हे सांगितल्यावर मात्र त्यांनी मान हलवली आणि एमआरआय लिहून दिला.

विचारून टाकलं, एप्रिलच्या शेवटच्या रविवारी क्लबचा दुहेरीचा चषक आहे, खेळता येईल ना? दोन वर्षं आम्ही जावाजावा अंतिम फेरीत हरतोय. क्लबमधल्या काचेच्या कपाटात तो चषक बसलाय आणि जाता-येता माझ्याकडे बघतो.

डॉक्टर म्हणाले, "आधी चाला तर."

१० फेब्रुवारी

एमआरआय. एका नळकांड्यात घालतात, हलू नका म्हणतात आणि बाहेरून कुणीतरी पत्रा बडवतं. आमच्या वरच्या मजल्यावरचं फर्निचरचं काम सुरू होतं तेव्हा हेच फुकट मिळत होतं.

गुडघ्यातली गादी फाटलीय. तिचा तुकडा सांध्यात अडकतोय, म्हणून घोडं अडतं. दुर्बिणीतून ऑपरेशन — दोन छोटी भोकं, फाटकी कड छाटायची, त्याच दिवशी घरी. डॉक्टर असं सांगत होते जणू बाहीची दशी काढायचीय.

१५ फेब्रुवारी

झालं. कमरेखाली मी नव्हतेच. पडद्यावर माझाच गुडघा आतून दिसत होता, अगदी पाण्यातल्यासारखा. डॉक्टर म्हणाले, "बाकी गुडघा छान आहे हं तुमचा." इतक्या वर्षांत माझ्या कुठल्याही गोष्टीला कुणी छान म्हटलं तर ते हे!

१९ फेब्रुवारी

फिजिओ येते. वय कोवळं, आवाज हवालदाराचा. तिचं नाव मी हवालदारीण ठेवलंय. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि ती गुडघ्याने दाबायची. मग पाय सरळ ठेवून उचलायचा. "मांडीचा स्नायू झोपलाय, त्याला उठवायचं." नशीबवान आहे स्नायू.

जाऊबाई समोरच्याच फ्लॅटमध्ये राहतात. रोज दोन वेळचा डबा आणून देतात. स्वयंपाक चांगला असतो. तक्रार करायला काहीच ठेवत नाहीत, हा त्यांचा जुना दोष.

२ मार्च

कुबड्या सुटल्या. लंगडत समोर गेले, तर तिथे उलथापालथ! डबे, बरण्या, कुकर सगळं वरच्या फळीवरून खाली आणलंय, ओट्यावर गर्दी. म्हटलं, हे काय? "काही नाही ताई, हाताशी बरं पडतं." आणि लांब केस कापून पार मानेवर! वेणी घालायचा कंटाळा येतो म्हणे. आळसाला काही मर्यादा?

कोर्टावरही वर्षभर हेच. डोक्यावरचं प्रत्येक शटल माझं. आधी ही बाई उडी मारून स्मॅश करायची, समोरचे भांबावून जायचे. आता जाळीजवळ उभं राहून चुटूकमुटूक टाकत बसते. जबाबदारी आली की लोक हात वर करतात, ही तेवढाही करत नाही.

१६ मार्च

पायऱ्या. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. नवरा खालून ओरडून सूचना देत होता. स्वतः लिफ्टने आला.

२२ मार्च

एक गोष्ट केली. चष्मेवालीशी बोलले. क्लबात नवीन आली आहे, लांब हातांची, डोक्यावरचं एक शटल सोडत नाही. म्हटलं, चषकाला माझ्याबरोबर खेळशील? लगेच हो म्हणाली. "पण तुमच्या जाऊबाई?" म्हटलं, तिला मी सांगेन.

सांगेन. घाई काय आहे?

३० मार्च

नाही सांगितलं. जाऊ दार उघडून आली, माझा टॉवेल गुंडाळला, शेजारी बसून मी पाय किती वेळा उचलला ते मोजलं आणि म्हणाली, "ताई, या वर्षी चषक आपलाच." सांगायचं जिवावर आलं. उद्या.

५ एप्रिल

उद्या.

११ एप्रिल

हवालदारीण एका पायावर उभं करते, उड्या मारायला लावते. गुडघा तक्रार करत नाही. मी करते.

१८ एप्रिल

डॉक्टरांकडे शेवटची खेप. जाऊ बरोबर आली होती. तपासायच्या टेबलावर मी, आणि ती भिंतीवरच्या दिव्याच्या पेटीशेजारी उभी. डॉक्टरांनी माझी जुनी फिल्म तिच्या हातात दिली, "जरा अडकवता का?" आणि माझा गुडघा दाबायला लागले. मग दाबायचे थांबले.

ती डाव्या हाताने उजवं कोपर धरून उजवा हात वर ढकलत होती.

"तुम्ही इकडे या," डॉक्टर म्हणाले.

"पेशंट ताई आहेत."

"हात वर करा."

हात खांद्यापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. खांदा कानाला लागला, हात नाही. डॉक्टरांनी स्वतः उचलून पाहिला, तरी पुढे जाईना. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी. खांदा आखडलाय म्हणाले, फ्रोझन शोल्डर. आत सांध्याभोवतीचं आवरणच आवळून बसतं. रोजचा व्यायाम, गरज पडली तर एखादं इंजेक्शन, पण सुटायला वेळ घेतो. या वर्षी खेळ बंद. "कधीपासून आहे?"

"मागच्या वर्षापासून."

"आणि कुणाला बोलला नाहीत?"

तिने माझ्याकडे बघितलं नाही. "सांगितलं असतं तर ताईंनी दुसरी जोडीदार बघितली असती."

डॉक्टर म्हणाले, तुमचा गुडघा उत्तम आहे. घरी येईस्तोवर आम्ही दोघी रस्त्यातल्या रहदारीवर बोललो.

१९ एप्रिल

फार राग आला आहे. माझा गुडघा हिच्या खांद्याने फोडला! एक शब्द बोलली असती तर त्या शटलमागे मी धावलेच नसते. सरळ पडू दिलं असतं.

आणि राग यायचं दुसरं कारण — तिचा अंदाज चुकीचा नव्हता. हे जास्त झोंबतंय.

२१ एप्रिल

तिच्याकडे गेले. स्वयंपाकघरातल्या भिंतीवर पेन्सिलीच्या खुणा. बोटांनी भिंत चढायची, जिथे अडेल तिथे खूण करायची, दुसऱ्या दिवशी थोडं वर. दात आवळून चढत होती. मी शेजारी उभी राहून हवालदारीण झाले. "थांबायचं नाही! आणखी एक बोट!" ती हसली आणि कळवळली, दोन्ही एकदम.

वरच्या फळीवर राहून गेलेली हळद मी काढून दिली. "चषकाला कोणाबरोबर खेळाल ताई?" एवढंच विचारलं तिने. मी म्हटलं, बघू.

आता माझी सगळी सोय झाली आहे. ती खेळू शकत नाही, डॉक्टरांनीच सांगितलंय. मला काही कबूल करायला नको, काही मोडायला नको. चष्मेवाली तयार आहे, गुडघा तयार आहे. इतकं सोपं माझ्या आयुष्यात कधी काही झालेलं नाही.

२४ एप्रिल

हवालदारीण म्हणाली, "पास! बिनधास्त खेळा."

चष्मेवालीला फोन केला. म्हटलं, तू दुसरं कुणी बघ गं, मला नाही जमणार. "अरेरे! गुडघा का?" हो ना, म्हटलं, फारच दुखतोय.

अजिबात दुखत नाही.