थोबाडीत मारायचं बटण नाही

रविवार, ८ जून. सकाळ
भाची समृद्धी अवसरीहून आली. इंजिनीअरिंगला आहे. तिनं आणि तिच्या मैत्रिणीनं, यशोधरानं, मोबाईल गेम बनवलाय. म्हणे ‘घोडबारवेचं गूढ’ या मालिकेचा हा खरा वारस! शी! ती मालिका मी दोनदा पाहिलीय, अख्खी. इन्स्पेक्टर रणधीर एक थोबाडीत द्यायचे, की जाहिरातीच्या आत कबुली. त्यांचा वारस असा बोटाएवढ्या स्क्रीनवर?
संकल्प: आजच गेम संपवून पोरींना चुका काढून देणे.

दुपार
किळस आली. यातली इन्स्पेक्टर बाई आहे, आणि ती एसटीनं येते. मग घरोघर चहा ढोसत लोकांची रडगाणी ऐकायची. मी ‘पुढे’ दाबत सुटलो. गुरवाची नजर खाली होती, त्याला अटक केली. स्क्रीनवर आलं, ‘निरपराध’. गेममध्ये बिघाड आहे.

मंगळवार, १० जून
आणखी चौघांना अटक. चौघंही निरपराध! एवढे सज्जन एका गावात असतात कुठं? आणि थोबाडीत मारायचं बटणच नाही. समृद्धीला फोन केला. ती म्हणाली, मामा, त्यांचं म्हणणं तरी ऐका की. फोनवर शेजारून यशोधरा म्हणाली, काका, मार पडला की माणूस काहीपण कबूल करतो, म्हणून ठेवलं नाही. पोरी शिकून वाया गेल्या.
मधेच उज्ज्वला माझ्या दुकानात येऊन काहीतरी सांगत होती. कानात हेडफोन. ‘हो’ म्हणून बायकोला वाटेला लावलं.

गुरुवार, १२ जून
दुकानातलं ड्रिल मशीन गायब! चला, खरी केस. संशयित एकच: शेजारचा चक्कीवाला कुशाबा. काल विनाकारण दोनदा डोकावून गेला. माझा चहा घेताना नजर खाली. वीट आला या माणसांचा.

शुक्रवार, १३ जून
भर गिऱ्हाइकांत कुशाबाला रणधीर स्टाईलनं घेतलं. मारलं नाही. फक्त कॉलर धरली. तो म्हणाला, “भगवंता, तुझ्या लग्नाचा मांडव म्या घातला व्हता रं.” विषय बदलणे, गुन्हेगारांची जुनी खोड. मग बोललाच नाही. अंगावरचं पीठ झटकलं, चक्की बंद केली आणि गेला. मौन म्हणजे कबुली, असं मी तिथंच जाहीर केलं. लोक पांगले. निदान कोणी ‘शाब्बास’ म्हणायला हवं होतं. आमच्या ओतूर गावाला कदर नाही.

शनिवार, १४ जून
मेहुणा भरत बोरी बुद्रुकहून आला. हातात ड्रिल मशीन. म्हणाला, दाजी, लई काम झालं. उज्ज्वला म्हणाली, मंगळवारी तुम्हाला विचारूनच दिलं, तुम्ही हो म्हणालात. नंतर दिवसभर माझ्याशी बोलली नाही. गेम डिलीट केला. असले गेम माणसाला संशयी बनवतात.
संकल्प: उद्या कुशाबाकडे जाऊन मोठ्या मनानं विषय मिटवणे. दोन मिनिटांचं काम.

रविवार, १५ जून
गेलो. त्याची बायको साळुबाई दारातच उभी राहिली. म्हणाली, “त्ये घरी न्हाईत, भाऊ.”
आत कुशाबा खोकत होता.
जरा वेळ उभा राहिलो. वहिनी ‘बसा’ म्हणाल्या नाहीत. परत आलो.