दालन तीनमधला जादा तारा

प्रति,
मा. संचालक,
विज्ञान प्रदर्शन केंद्र.

अर्जदार : प्रतिकृती कारागीर तथा निवेदक, दालन क्र. ३ ('पृथ्वी कशी झाली').

विषय : दालन क्र. ३ मधील जादा तारा नोंदवहीतून कमी करणेबाबत, व तसे होईतो अर्जदाराच्या तोंडून खोटे न वदवणेबाबत.

संदर्भ : याच विषयावरील अर्जदाराचे दोन अर्ज (पैकी एक आपल्या कार्यालयात हरवला, दुसरा 'पाहिले' असा शेरा होऊन परत आला).

महोदय,

उपरोक्त विषयी सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार या केंद्रात एकवीस वर्षे प्रतिकृती बनवतो व पाहायला येणाऱ्यांना त्या समजावून सांगतो. अर्जदारास या कामाचा अभिमान होता. हल्ली किळस येते.

१. दालनात पूर्वी जुनी प्रतिकृती होती. तीत एक परका तारा रुळावरून सूर्याजवळून जाई, सूर्यातून तापलेल्या वायूचा पट्टा ओढून काढी आणि त्या पट्ट्याचे तुकडे पडून ग्रह होत. एके काळी मोठमोठे विद्वान हा सिद्धांत मानत. त्यात लाजण्यासारखे काही नाही. पुढे गणिताने दाखवले की इतका तापलेला वायू गोळा होण्याआधीच पांगून जाईल, तेव्हा शास्त्रज्ञांनी तो सोडून दिला. चूक कळली की सोडायची, ही त्या लोकांची रीत आहे. आपल्या कार्यालयाची नाही.

२. दोन वर्षांपूर्वी आपल्याच आदेशाने अर्जदाराने नवी प्रतिकृती केली. वायू व धुळीचा ढग स्वतःच्याच वजनाने आत कोसळतो, गरगरत चपटा होतो, मधोमध सूर्य पेटतो आणि भोवतीच्या चकतीत कणाला कण चिकटून, साडेचार अब्ज वर्षांपूर्वी, पृथ्वी घडते. सगळे ग्रह सूर्याभोवती एकाच दिशेने का फिरतात, हे ती चकती पाहून शेंबडे पोरही सांगे. धुळीसाठी अर्जदाराने लाकडाचा भुसा सात वेळा चाळला. तो धुरासारखा तरंगला, त्या दिवशी अर्जदार जेवायला विसरला.

३. मग वार्षिक पडताळणी आली. जडवस्तू नोंदवहीत 'तारा, एक, रुळासह' अशी नोंद निघाली आणि तारा तर जिन्याखाली पडलेला. वापरात नसलेल्या वस्तूचा खुलासा द्यावा लागतो, आणि खुलासा लिहायचा म्हटले की इथे जो तो पळवाट शोधतो. भांडारपाल म्हणाले, "अहो, चालू आहे ना तारा? मग लावा की कुठंतरी. तुमच्या ढगाला काय धाड भरणार आहे?" आपण त्यावर सही केली. जागा नव्हती म्हणून रूळ चकतीच्या मधूनच नेला.

परिणामी दर तासाला तो तारा खडखडत येतो, अर्धवट घडलेल्या गुरू ग्रहाला धडकतो, पहिल्या रांगेच्या डोळ्यांत भुसा उडवतो व निघून जातो. या प्रकाराला जगातल्या कुठल्याही सिद्धांताचा आधार नाही, फक्त नोंदवहीचा आहे. उपसंचालकांनी त्यासाठी निवेदन मंजूर करून दिले : "पृथ्वी ढगापासून निर्माण झाली असून या कामी ताऱ्याचेही सहकार्य लाभले." हे वाक्य अर्जदार दिवसातून सहा वेळा म्हणतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. घरी गेल्यावर चूळ भरली तरी तोंडाची चव जात नाही.

४. मंगळाएवढा एक गोळा कोवळ्या पृथ्वीवर आदळला आणि उडालेल्या मलब्यातून चंद्र झाला, असे आज बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. म्हणून प्रतिकृतीतली पृथ्वी फुटते व पुन्हा जुळते. यावर, केंद्राची मालमत्ता वारंवार फोडल्याबद्दल अर्जदारास ज्ञापन मिळाले. पृथ्वी न फोडता चंद्र करून दाखवावा, असेही तोंडी सांगण्यात आले. हसावे की रडावे, हे मात्र कोणी सांगितले नाही.

५. अर्जदाराने हेही गिळले असते. निगरगट्टपणात या इमारतीत कोणी कोणाला हार जात नाही, अर्जदारही नाही. परंतु गेल्या मंगळवारी अर्जदाराची मुलगी आपला वर्ग घेऊन आली. ती शाळेत विज्ञान शिकवते. आठवडाभर तिने ढगाचा सिद्धांत शिकवला होता आणि "माझे बाबा तुम्हाला करून दाखवतील," असे मुलींना सांगितले होते. उपसंचालक दारात उभे होते. अर्जदाराने मंजूर वाक्य म्हटले. मुलींनी आधी अर्जदाराकडे पाहिले, मग त्यांच्या बाईंकडे.

संध्याकाळी ती एवढेच म्हणाली, "बाबा, मुली मला विचारतायत, 'बाई, खोटं कोण बोलतंय, तुम्ही की तुमचे बाबा?' मी काय सांगू त्यांना?" तेव्हापासून ती वडिलांशी कामापुरतेच बोलते. अर्जदारास स्वतःची लाज वाटते, आणि आपल्या कार्यालयाची शिसारी.

६. भीक नको पण कुत्रा आवर, एवढेच मागणे आता उरले आहे. येत्या बुधवारी सकाळी अकरा वाजता तोच वर्ग पुन्हा येणार आहे. अर्जदाराने मुलीची मनधरणी करून वर्गाला बोलावले आहे. त्या वेळी तारा बंद असेल. 'मागच्या मंगळवारी मी तुमच्याशी खोटे बोललो, तुमच्या बाई खरे शिकवत होत्या,' असे अर्जदार उपसंचालकांसमोर सांगेल. हे मंजूर निवेदनात बसत नाही, याची अर्जदारास पूर्ण कल्पना आहे.

निवृत्तीला चौदा महिने उरले आहेत आणि अर्जदारास ते हवे आहेत. तरीही राजीनामा सही करून सोबत जोडला आहे. तारा नोंदवहीतून कमी होणार असल्यास तो फाडून टाकावा, नसल्यास त्यावर तारीख घालावी. मात्र ती गुरुवारची असावी, ही कळकळीची विनंती. बुधवारी अकरा वाजता अर्जदार या केंद्राचा निवेदक असला पाहिजे.

आपल्या सेवेत, निदान बुधवारपर्यंत,

(सही)
प्रतिकृती कारागीर तथा निवेदक, दालन क्र. ३
दिनांक : शुक्रवार, कार्यालय उघडताच

सोबत : १. नोंदवहीच्या पानाची प्रत. २. पृथ्वी फोडल्याबाबतचे ज्ञापन. ३. राजीनामा, तारखेची जागा कोरी.