डाव्या मनगटावरचा उजेड

२ फेब्रुवारी २०२५

विहीणबाईंचा फोन. इंझोरीच्या नव्या घराची वास्तू सोळा तारखेला. समोरच्या खोलीत लावायला चिखलदऱ्याच्या सहलीतला घरच्या सगळ्यांचा फोटो मोठा करून हवा — पेन्सिलने, माझ्या हातचा. "छापून तं कोनीबी आनते, जगदेवभाऊ. तुमचं काम येगळं."

वेगळं आहेच. मी कुठल्या शाळेत चित्रकला शिकलो नाही, फोटोवर चौकोन आखून आखून शिकलो. पण मी काढलेल्या म्हाताऱ्यांपुढे मेडशीत लोक चप्पल काढतात.

फोटोत माझी लेक समीक्षा उजवीकडून दुसरी. वाऱ्याने केस उडताहेत, ते सावरायला डावा हात वर केलाय. बांगड्या कोपराकडे घसरल्यात.

७ फेब्रुवारी

मनगटाशी अडलो. ऊन तिच्या उजव्या अंगाने, आणि सगळ्यात लख्ख उजेड तिच्या डाव्या मनगटावर, सावलीच्या बाजूला. कशाचा? एखाद्या गाडीच्या काचेचा कवडसा असावा. दुसऱ्या कोणी बुजवून टाकला असता. मी नाही. फोटोत आहे ते आहे. उजेड काढायचा नसतो, तेवढा कागद कोरा सोडायचा असतो. सोडला. कडासुद्धा हुबेहूब.

१६ फेब्रुवारी

वास्तू झाली. चित्राभोवती गर्दी. धीरजची, म्हणजे जावयाची, मावशी अगदी नाक लावून पाहत होती. "सुनबाईच्या हाताले हे पांढरं काय व?" मीच पुढे झालो. ऊन, काच, कवडसा — सगळं समजावून सांगितलं. मागे वळलो तर समीक्षा हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभी. मावशीने सरळ तिच्या बांगड्या वर सारल्या.

तिथे कुठला कवडसा! कातडीच पांढरी.

विहीणबाईंनी ताट तिच्या हातून घेतलं आणि मोठ्या सुनेकडे दिलं.

१७ फेब्रुवारी

सहलीचे बाकीचे फोटो मोबाइलवर मोठे करून पाहिले. बसच्या आत. हॉटेलात, छताखाली. जिथे बांगडी सरकली तिथे तोच उजेड, त्याच कडा.

बायकोला, रीताला दाखवले. ती तुरीच्या शेंगा सोलत होती, मान वर केली नाही. "कोड आहे ते. दिवाळीतच दाखोलं तिनं मले. जवाईबापूले ठाऊक आहे, त्यायच्या मायले नोतं. लागट नाही म्हने डॉक्टर."

"मले काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं तं काय केलं असतं? तुमी तं न सांगताच भितीवर टांगलं."

१८ फेब्रुवारी

पेन्सिल हातात घेतली नाही.

२४ फेब्रुवारी

समीक्षाचा आईला फोन. स्वयंपाकघरात येऊ देत नाहीत. पाण्याचा गिलास वेगळा. धीरज म्हणतो, "आई म्हनते तसं थोडे दिवस आयक." मनगट झाकेल इतक्या बांगड्या भरायला त्यानेच सांगितलं होतं म्हणे.

मी बाजूलाच बसलेलो. मला फोन दिला नाही.

२६ फेब्रुवारी

आज विहीणबाई माझ्याशीच बोलल्या. होळीला पाहुणे येणार, त्यांच्या धाकट्या लेकीला पाहायला. "चित्र उतरोलं तं लोक इचारतीन, ठेवलं तं पायतीन. तेवढी जागा काळी करून द्या, भाऊ. पोरीचं घर तुमच्याच हातात आहे."

आजवर फोटोच्या बाहेरची एक रेघ काढली नाही. कोणाचा तीळ मिटवला नाही, कोणाचे पडलेले दात बसवले नाहीत. यावर भांडणं झालीत माझी लोकांशी. रीताला विचारलं, काय करू. म्हणाली, "आता मले इचारून राह्यले?"

२ मार्च

वाशीमला बस बदलून इंझोरीला गेलो. चित्र उतरवलं, मांडीवर घेतलं, मनगट भरलं. शेजारच्या कातडीची छटा अशी जुळवली की मलासुद्धा जागा सापडेना. इतकं सफाईदार काम बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं. घाण वाटली.

"आता कसं बरं दिसते," विहीणबाई म्हणाल्या. धीरजने खिळ्याला टांगलं. समीक्षा दारात उभी राहून पाहत होती — चित्राकडे नाही, माझ्या हाताकडे.

चहा मोठ्या सुनेनेच आणला.

३ मार्च

मग मी बुजवलं कोणासाठी?

६ मार्च

सकाळच्या एसटीने समीक्षा आली. एकटी. "कोनी धाडलं नाही, म्याच आली. त्यायले सांगून आली." बांगड्या काढून ओसरीवर ठेवल्या. उजव्या हातावरही कोड फुटलंय. दाराच्या उजेडात पाट ओढून बसली. "माझं एकलीचं काढा. हे सारं धरून."

कागद फळीला लावला आणि सवयीने म्हणालो, फोटो दे.

"बाबा, म्या समोरच बसली आहे ना."