घड लागतो काडीला

रविवार, ऑक्टोबर छाटणीचे दिवस, संध्याकाळ

आज मी फादरांची चूक काढली! दुसरी शिकलेली मी. अजून हसूच येतंय.

झालं असं, आपल्या चर्चला रंगीत काचेची नवी खिडकी बसणार, तिचं चित्र भिंतीवर लावलं व्हतं. उद्यापासून काच कापायची. कोकरू छान, कबुतर तर लईच छान. पण द्राक्षाची वेल बघितली अन् पुन्हा जवळ जाऊन निरखली. घड थेट जाड खोडाला! पिंपळवंडीच्या बागांमधी तीस वर्सं राबले, खोडाला घड कधी पाहिला नाय. बोलू का नको? लोक हसतील. पण काच एकदा बसली की दर रविवारी तो घड मला टोचणार.

बोलले. "फादर, घड नव्या काडीला, म्हंजी नव्या फांदीला लागतो. खोडाला नाय."

शेजारी उभे असलेले वसंतभाऊ हसले, "मावशी, ही वेल म्हंजी येशू हाये, तुमची बाग न्हाई!"

फादर मात्र चित्राजवळ गेले अन् म्हणाले, "वेल येशू, फांद्या आपण. म्हणजे फळ आपल्यालाच लागायला हवं! मावशी, तुमचंच बरोबर." तिथंच कारागिराला फोन लावला. आता घड काडीला!

घरी येताना नात रूथ म्हणाली, "आजी, तू जुनं खोड, मी नवी काडी. दहावीचा निकाल लागू दे, मग बघ घड!"

म्हटलं, "आधी त्या मोबाईलची छाटणी कर, मंग लागंल."