रॉकेटची वायर

१२ फेब्रुवारी २०१८
शाळेच्या कपाटातून रॉकेटची पेटी घरी आणली. किल्ली फिरवली — दिवा लागला! बटण दाबलं की रॉकेटच्या बुडातली बारीक तार लालबुंद व्हायला हवी. ती ढिम्म. अगदी गेल्या विज्ञान दिनासारखी. चारशे पोरी, पाहुणे, आणि रॉकेट आपलं स्टँडवर उभं. आठवलं तरी डोकं फिरतं.

माझ्या मदतीला असलेल्या शैलाबाईनं तारेला क्लिपा नीट लावल्या नव्हत्या, दुसरं काय! तिथंच सगळ्यांदेखत सुनावलं मी तिला — "एक काम धड होत नाही तुझ्याच्यानं!" तेव्हापासून बाई बोलत नाही. स्टाफरूममध्ये समोरच बसते. "नमस्कार मॅडम", संपलं. मेअखेर मी निवृत्त. रॉकेट मंडळ तिच्याच हाती द्यायचंय मला, दुसऱ्या कुणाला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण ती म्हणते, "मला नको." आणि मुख्याध्यापिका टपूनच बसल्यात. यंदा उडालं नाही, की मंडळ बंद.

१३ फेब्रुवारी
महाशिवरात्र. साबुदाणा जरा जास्तच झाला. क्लिपा नव्या लावून बघितल्या. तरी तार ढिम्म! म्हणजे क्लिपांचा दोष नव्हता? असो. वायरच बदलते.

१५ फेब्रुवारी
गुलमंडीच्या बाजारात गेले. दुकानदार — "घर की वायरिंग है क्या मॅडम?" म्हटलं, रॉकेट उडवायचंय. माणूस दोन मिनिटं हसत होता! मग दाराच्या बेलची वायर दाखवली. स्वस्त, नाजूक, गुलाबी. घेतली. घरी जोडली, तर तार जेमतेम कोमट. दहा मीटर जायचं, दहा मीटर यायचं, बॅटरीची निम्मी ताकद वायरच खाते. तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं आणि मी रंगाला भुलले!

वायर तोकडी केली की काम होईल, पण तसलं नको. पोरी दहा मीटर लांबच उभ्या राहणार.

१७ फेब्रुवारी
कडूबा आला. पडेगावातल्या निम्म्या घरांची वायरिंग यानं केलीय, आमचीही. येताना कन्नड गावच्या आपल्या मळ्यातून पाणबुडी मोटारीची केबल घेऊन आला. "म्याडम, हिच्यावर रॉकेट काय, अख्खी शाळा उडंल!" तार क्षणात लाल, कबूल. पण केबल इतकी ताठ, की गुंडाळताना तो अंगणात तिच्याशी कुस्ती खेळत होता. हसून हसून पोट दुखलं.

शेवटी ठरलं — तांब्याची, दीड एमएमची, बारीक तारांची मऊ वायर. उद्या आणतो म्हणाला.

जाताना त्यानं पेटीची जुनी लाल-काळी वायर हातात घेतली, ओढून बघितली. "हिला कुणी वजन टांगलं व्हतं का? लई ताणली हाय. आतल्या तारा तुटल्यात, दोन-चार उरल्या असतील. दिव्याला तेवढ्या पुरत्यात, रॉकेटला नाय."

म्हटलं, छे! शाळेच्या वस्तूला कोण वजन टांगतंय?

१८ फेब्रुवारी
मी टांगलंय.

गेल्या विज्ञान दिनाच्या आधीच्या नवरात्राचं धुणं. घटस्थापनेआधी घरातल्या सगळ्या गोधड्या काढल्या होत्या. दोरी पुरेना. पेटी तेव्हा घरीच होती. शेवग्यापासून फाटकापर्यंत ती वायर बांधली मीच, आणि सहा ओल्या गोधड्या! संध्याकाळी गुंडाळून ठेवली आणि विसरले.

लाज वाटतेय. भयंकर लाज वाटतेय.

२१ फेब्रुवारी
शैलाला सांगायचं म्हणून स्टाफरूममध्ये थांबले. ती आली. मी विचारलं, "खडू आहे का गं?" खडू दिला. भित्री कुठली मी!

२६ फेब्रुवारी
नवी वायर झकास! पाचही वेळा तार लाल. शैलाला मात्र अजून सांगितलेलं नाही. बोलले सगळ्यांदेखत, आता माफी कोपऱ्यात मागायची? ते काही खरं नाही.

२८ फेब्रुवारी
माइक घेतला. गोधड्यांसकट सगळं सांगितलं. पोरी खिदळल्या. मुख्याध्यापिकांचा चेहरा बघण्यासारखा! शेवटी म्हणाले, "शैला, चूक माझी होती. माझं चुकलं."

ती उठली. किल्ली फिरवली, दिवा बघितला, पोरींबरोबर उलटी मोजणी केली, बटण दाबलं. सुर्रर्र! वडाच्या वर, पाण्याच्या टाकीच्या वर! चारशे पोरींचा गलका!

बोलली मात्र नाही.

१ मार्च
स्टाफरूममध्ये शैलानं पर्समधून कपड्यांचा एक निळा चिमटा काढला. माझ्यासमोर ठेवला. माझ्याच घरचा.

"गेल्या वर्षी वायर सोडताना वेटोळ्यात सापडला होता, मॅडम."

"अगं, मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"सगळ्यांदेखत?" म्हणाली, आणि रॉकेटच्या कपाटाची किल्ली मागितली.