बिट्टीचा अंगठा

ती. मामांना,

तुमच्या भाचीचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा अर्धाच वाकून, उरलेला भेटीत.) तुमचा गुडघा कसा आहे? मामी तुम्हाला जिना चढू देत नाही असं कळलं, फार बरं करते.

तुमचं पत्र पोचलं. तुमच्या नातीचे, बिट्टीचे, टॉन्सिल गुरुवारी आमच्याच हॉस्पिटलात काढणार, हे उत्तम. पण भूल मी न देता आमच्या मोठ्या साहेबांनी द्यावी म्हणून तुम्ही त्यांना परस्पर फोन केलात! कारण काय, तर ते शाळेत तुमच्या बाकावर बसायचे आणि घरच्या पोरीला भूल देताना माझा हात थरथरेल. मामा, मुलांना भूल देण्यात माझी अकरा वर्षं गेली. पण असो. मी रागावलेले नाही. (आहे.)

आता साहेबांबद्दल थोडं. ऑपरेशनच्या वेळी आम्ही मुलाचे स्नायू ढिले पडायचं औषध देतो. त्यात श्वासाचे स्नायूही आले, म्हणून घशात नळी घालून श्वास आम्हीच चालवतो. शेवटी प्रश्न एकच, नळी कधी काढायची? औषध पुरतं उतरायच्या आत काढली तर पोर हातपाय हलवतं, पण श्वास पुरत नाही आणि बघता बघता निळं पडतं. हे कळायला एक छोटं मशीन असतं. मुलाच्या मनगटाला ते चार बारीक झटके देतं आणि अंगठा किती उडाला ते मोजतं. चारदा उडाला, आणि चौथ्यांदाही पहिल्याइतकाच जोरात, तर काढा नळी. साहेबांचं शास्त्र याहून सोपं आहे. मूल हललं की झालं. तीस वर्षांत एकही पोर दगावलं नाही, असं ते छाती काढून सांगतात. (निळी किती पडली, ते सांगत नाहीत.) सिस्टर मंडळी त्यांना पाठीमागे 'हललंकीझालं' म्हणतात. मशीन येऊन दोन वर्षं झाली, पण ते साहेबांच्या कपाटात, कुलपात. का, तर वापरलं की बिघडतं!

मागच्या सोमवारी सहा वर्षांच्या एका मुलीचं अपेंडिक्स काढलं. टाके घालायला घेतले तेव्हा मी हट्टच धरला, आज मशीन लावायचंच. साहेब कपाळाला आठ्या घालून ते घेऊन आले. आधी सिस्टरांना दाखवू लागले की हे दुखत नाही, फक्त गुदगुल्या होतात, आणि त्यासाठी पॅड चिकटवले स्वतःच्याच मनगटावर. तेवढ्यात सर्जनने काहीतरी विचारलं, साहेब मुलीच्या उशाशी बसले, दोन्ही हात हिरव्या चादरीखाली घातले आणि गप्पा सुरू. शाळेत कुणाच्या डब्यात बेडूक ठेवला होता ती गोष्ट. (बेडूक तुम्ही ठेवला होतात म्हणे. मामीला कळवू का?) मी विचारलं, साहेब, लावलंत का? म्हणाले, केव्हाच लावलंय.

टाके संपले. मशीनवर आकडा आला, चारपैकी चार, शंभर टक्के. साहेब म्हणाले, बघ, तुझं मशीनही माझंच म्हणणं सांगतंय, काढ नळी. मी नळीला हात घातला, मामा. चिकटपट्टी अर्धी सोडवलीसुद्धा. आणि सवयीने मुलीचा हात धरला, तर तो ढिम्म. त्याच वेळी साहेब एक हात बाहेर काढून दुसरा खांदा चोळत म्हणाले, मान धरली की माझा हा हात आपोआप उडतो, सकाळपासून चाललंय. मी चादर उचलली. साहेबांचा अंगठा नाचत होता, अगदी झोकात, चारपैकी चार!

थिएटरात कुणी हसलं नाही. पॅड मुलीला लावले तेव्हा अंगठा दोनदा उडाला, तोही कसाबसा. उतारा दिला, अठरा मिनिटं थांबलो. सर्जन येरझाऱ्या घालत होता, घालू दे. मग नळी काढली आणि ती पोरगी अशी खणखणीत रडली की मलाही रडू आलं. साहेबांनी वहीत लिहिलं, 'यंत्राची चाचणी यशस्वी.' आता बोला!

बाकी सगळं ठीक. मामीला आठवण सांगा.

तुमची,
भाची

ता.क. एक सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, टाळलं होतं. पोट शिवायला घेताना ते ताठ लागतंय म्हणून सर्जन ओरडला, तेव्हा त्या मुलीला ढिलं पडायचं औषध पुन्हा दिलं गेलं, तेही गरजेपेक्षा जास्त. देणारी मी. मशीनचा हट्ट धरला तो त्या भीतीपोटी. तेव्हा घरच्या पोरीपुढे माझा हात थरथरेल, हे तुमचं म्हणणं खोटं नाही. साहेबांनाच देऊ दे भूल. मी शेजारी उभी राहीन.

ता.ता.क. पण साहेब माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतात. आजच फोन करा आणि मशीन पहिल्यापासून लावायला सांगा. बेडकाची धमकी द्यावी लागली तरी द्या. आणि गुरुवारी घरातून निघताना बिट्टीच्या उजव्या अंगठ्यावर पेनने ठळक बाण काढा आणि त्याखाली मोठ्या अक्षरात लिहा, 'साहेब, इथे.'