दुसरा फटका

रविवार संध्याकाळ, मुलुंड

आज गाईड म्हणून ग्रुप घेऊन डोंगरावरच्या गावात गेले होते. जेवणानंतर ग्रुपमधला एक जण आम्हाला जेवू घालणाऱ्या हिराबाईंच्या आतल्या खोलीत शिरला आणि बाळाला पाजणाऱ्या त्यांच्या सुनेचा व्हिडिओ काढू लागला. हिराबाई आडव्या आल्या तर त्याने त्यांना ढकललं. उंबऱ्यावर कपाळ फुटलं त्यांचं. मी हातातली ट्रेकिंगची काठी त्याच्या मनगटावर हाणली. मोबाईल पडला. तिथेच थांबायला हवं होतं ना? पण तो खाली बसलेला असताना मी दुसरा फटका पाठीत घातला.

"पोलिसांत जातो, तुझी वाट लावतो!" तो ओरडला.

"चल, मीच नेते," मी म्हटलं.

चौकीत दोन्ही फटके कबूल केले. काम जाईल बहुधा. पहिल्याचं काहीच वाटत नाही. पण दुसरा मारताना मला बरं वाटलं होतं.